केतरस बाई होती

बेळगुंदी
२१ नोव्हेंबर २०२३

महादेव,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. रजिस्टर केलं आहे, त्यामुळं सही करून घ्यावंच लागेल. रचनानं घेतलं तरी चालेल. नवऱ्याचं पत्र म्हणून बाजूला न ठेवता तिनं फोडून वाचलं तर आणखी बरं.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, मी बेळगावात जाऊन विकत आणलं. दुकानदारानं विचारलं, "बाई, इतिहासाच्या शिक्षिका काय?" म्हटलं, न्हाय, प्राथमिकची. पण लेखकाची बहीण. त्यानं उठून चहा सांगितला. अर्पणपत्रिका त्यानं वाचली होती. 'जिने स्वतःच्या संसाराचा होम करून मला घडवले, त्या आक्कास.' दुकानात उभ्या उभ्या ती ओळ वाचताना माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. घरी येऊन पान एकशे बेचाळीस उघडलं आणि भरलेले डोळे सुकले.

आपल्या शेतातल्या लेखाची नववी ओळ तू अशी छापली आहेस: 'बाचय्य तन्न . . . केतरसर बेसदिं'. खाली बारीक अक्षरात टीप: 'मधली अक्षरे झिजल्याने वाचता येत नाहीत.'

झिजली आहेत व्हय रं?

दगड सापडला तेव्हा तू इथंच होतास. मे २०२२, सुट्टीला आला होतास. बांधात पालथा पडलेला तो दगड, आधी आईनं आणि मग मी त्याच्यावर चाळीस वर्षं कपडे आपटले. आपल्या मष्णू गड्यानं बांध सरळ करताना तो ट्रॅक्टरनं उलटवला आणि ओरडत घराकडं आला, "मालुबाई, दगडाच्या पोटाला अक्षरं हाईत बगा!" पालथा होता म्हणून तर ती अक्षरं जशीच्या तशी राहिली. आपण दोघांनी माती धुतली. ठसा घ्यायला ओला कागद मी चिकटवला, ब्रशनं मी ठोकला, शाईचा बोळा मी फिरवला. पण नववी ओळ मोठ्यानं वाचलीस तू. 'तन्नक्क केतरसर बेसदिं.' आपली आक्का केतरस, तिच्या आज्ञेनं.

वाचून तू खाली बसलास. पुण्याची भाषा विसरलास. म्हणालास, "आक्का, ह्ये आत्ताच कुणाला बोलू नगंस. पुस्तक हुंदे."

मी दीड वर्ष कुणाला बोलले नाही. मला वाटलं, तू पुस्तक दुरुस्त करतो आहेस.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिते, कारण माहीत नसल्यासारखं छापलं आहेस. आठशे वर्षांपूर्वी ह्या भागातल्या तीस गावांवर कुणीतरी अठरा वर्षं राज्य केलं. तळ्याकाठच्या लेखात नाव आहे केतलदेवी. खानापूरच्या वाटेवरच्या लेखात नाव आहे केतरस, म्हणजे केत राजा. धारवाडचे नागेंद्र सर तीस वर्षं सांगतात, केतरस पुरुष आणि केतलदेवी त्याची बायको. तू वीस वर्षं सांगतोस, राज्य चालवणारी केतलदेवीच, पण खरा राजा तिचा धाकटा भाऊ बाचय्य. तो अज्ञान होता म्हणून तिनं गादी राखली, आणि केतरस हा तिला मिळालेला नुसता मानाचा किताब. तुमच्या ह्या भांडणावर मासिकं चालली, चर्चासत्रं झाली, दोघांचेही विद्यार्थी डॉक्टर झाले.

आणि आता बाचय्य स्वतः दगडावर बोलतो आहे. जमिनीचं दान त्यानं दिलं, साक्षीदारांत त्याचा मुलगा आहे. म्हणजे हा भाऊ अज्ञान कुठला? मिशा फुटून, लग्न होऊन, पोरं झालेला बाप्या. तरी दान द्यायला त्याला थोरल्या बहिणीची आज्ञा लागते, आणि त्या बहिणीला तो राजाच्या नावानं संबोधतो. केतलदेवी आणि केतरस एकच. ती राणी नव्हती, राखणदारही नव्हती. राजा होती.

सगळं एका शब्दावर आहे. तो शब्द कन्नडात आणि आपल्याकडं एकच. तुला आक्का म्हणता येतं आणि वाचता येत नाही?

पुढच्या आवृत्तीत टिंबं काढ. एवढंच मागते.

मालू

ता. क. तू पाठवलेल्या जमिनीच्या हक्कसोड कागदावर मी सही केलेली नाही, करणारही नाही. पण ते वेगळं आहे. दोन्ही एकात कालवू नकोस.


बेळगुंदी
१७ डिसेंबर २०२३

महादेव,

काल निपाणीत तू मला बघून दचकलास. मी येणार हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी बोलावलं नव्हतं. पेपरात वाचलं: चर्चासत्र, विषय 'केतरस: राजा, राणी की राखणदार?' शाळेत रजा टाकली, ठसा कॅलेंडरच्या नळीत घातला आणि सकाळच्या बसनं निघाले. संकेश्वरपर्यंत उभी होते. पाठीमागच्या रांगेत बसले, कारण पुढच्या खुर्च्यांवर नावं चिकटवलेली होती.

नागेंद्र सर आधी बोलले. पडद्यावर खानापूर वाटेवरची मूर्ती दाखवली. आपल्याकडचे लोक तिला देव म्हणून नारळ फोडतात आणि पलीकडच्या गावच्या बायका देवी म्हणून बांगड्या वाहतात, ती. सर काठीनं दाखवत होते, ओठाच्या वर ही रेघ आहे, ही मिशी. मग बिरुदं वाचली. 'परनारीसहोदर', म्हणजे परस्त्रीला बहीण मानणारा. सभागृहाला विचारलं, हे बिरुद बाईला कसं लागू पडेल? लोक माना हलवत होते. मी मागं बसून मनात म्हणत होते, अहो, बिरुदं ठरलेली असतात. आमच्या शाळेत हेडमास्तरीण आली तरी दारावरची पाटी हेडमास्तरच राहिली.

मग तू. चांगलं बोलतोस, ते मान्य. 'त्यागमूर्ती भगिनी' म्हणालास. 'सत्तेचा मोह नसलेली एकमेव सत्ताधारी' म्हणालास. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले.

प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले. नववी ओळ वाचली, अर्थ सांगितला, म्हणाले की अक्षरं झिजलेली नाहीत, ठसा इथं माझ्या हातात आहे, कुणीही येऊन बघावं. नळीतून कागद बाहेर काढत होते तेवढ्यात तू माईक ओढून घेतलास.

तू काय म्हणालास ते मी इथं लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला वेगळं आठवायला नको. "ही माझी थोरली बहीण. हिच्यामुळंच मी इथं उभा आहे. सध्या आमच्यात शेताच्या वाटणीवरून थोडे मतभेद सुरू आहेत, त्यामुळं..." आणि तू दोन्ही हात पसरलेस. ते वाक्य सभागृहानं पुरं केलं. माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याच्याच शेतात घुसलेय.

मी म्हटलं होतं तुला, दोन्ही एकात कालवू नकोस.

आणि नागेंद्र सर. तुझे वैरी. तुमच्या दोघांचंही म्हणणं माझ्या ठशानं मोडतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. हसत उठले आणि म्हणाले, "कानडीत आम्ही कुठल्याही मोठ्या बाईला अक्क म्हणतो. आता मी ह्यांना म्हणतो, अक्का, आपण बसा. म्हणून मी काय ह्यांचा भाऊ झालो?"

अख्खं सभागृह हसलं. मी वर व्यासपीठाकडं बघितलं. तूही हसत होतास.

मी ओरडून सांगत होते, अहो, पण पुढं 'तन्न' आहे! तन्न म्हणजे आपली, स्वतःची! पण माईक पुढच्या माणसाकडं गेला होता, आणि त्याला विजयनगरबद्दल विचारायचं होतं. तीस वर्षांत तुमचं दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं ते काल, आणि तो मुद्दा मी होते.

आणखी एक सांगते, तू तिथं नव्हतास. चहाच्या वेळी नागेंद्र सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "अक्का, ठसा दाखवा." खिडकीपाशी उजेडात धरून किती तरी वेळ बघितला. चष्मा काढून बघितला, घालून बघितला. मग कागद नीट गुंडाळून मला परत दिला आणि म्हणाले, "अक्षर हाय. न्हाय म्हणणार न्हाय मी. खरं अक्का, आता ह्या वयात मी राजाची बाई करू? माझी पाच पुस्तकं हाईत."

मी म्हटलं, "मग व्यासपीठावर का हसलासा?"

"तिथं समदे होते की," म्हणाले.

त्यांनी निदान एकट्यात मान्य केलं. तू कपबशी हातात धरून माझ्या अंगावरून गेलास आणि कुणाला तरी सांगत होतास की गाडी घेऊन लगेच निघायचंय. पूर्वी पुण्याहून येताना सरहद्दीवरची कोगनोळी ओलांडलीस की फोन करायचास, "आक्का, कोगनोळी आली," आणि मी भात टाकायची. काल निपाणीपासून कोगनोळी किती लांब होती रं? तू तिकडनंच परत गेलास. घरी आला नाहीस.

मालू


बेळगुंदी
१९ जानेवारी २०२४

महादेव,

वकिलाची नोटीस आली. कोर्टाच्या कन्नडमध्ये आहे, दगडावरच्या नाही, त्यामुळं तुझ्यासाठी कुणीतरी वाचून दाखवली असेल तेव्हाच तू सही केली असशील. मी एकदाच वाचली आणि समजली.

त्यात लिहिलं आहे की वडील आण्णाप्पा १९८५ साली वारले तेव्हा अर्जदार महादेव अज्ञान आणि आई निरक्षर असल्यामुळं जमिनीच्या उताऱ्यावर त्याच्या नावापुढं 'पालनकर्ती बहीण' अशी माझी नोंद झाली. माझी नोंद तेवढीच. मी जमिनीची 'केवळ राखण' केली, म्हणून माझा मालकीचा हक्क दिसत नाही. कायदा काय म्हणतो ते माझा वकील सांगेल; मुलगी म्हणून माझा अर्धा वाटा तुझ्या नोटिशीनं जात नाही. मला तो शब्द वाचून हसू आलं. राखण.

तो शब्द कुठला ते तुला आठवतं का? मला आठवतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुलाही पुन्हा कधी आठवण करून दिली नाही.

२००० सालची दिवाळी. तू सव्वीस वर्षांचा, प्रबंधाचं चौथं प्रकरण घेऊन घरी आला होतास. जुनी लिपी बघून तुझं डोकं दुखायचं, म्हणून मी दर रविवारी अनगोळला एका रिटायर्ड मास्तरांकडं जाऊन हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, शिकले होते. दोन वर्षं. शिकून तुझ्यासाठी दोन्ही लेख वाचून दिले होते. त्या वाचनावर तू त्या प्रकरणात लिहिलं होतंस, 'केतलदेवी हीच केतरस होय. ती स्वतःच्या अधिकारात राज्य करीत होती.' तुझ्या मार्गदर्शकांनी ते पान लाल शाईनं उभं आडवं खोडून परत पाठवलं होतं. पुरावा नाही, कल्पनाविलास आहे, असं लिहून.

तू चुलीपुढं बसून रडकुंडीला आला होतास. "आक्का, आता काय करू? माझं वरीस जातंय."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "राखणदार लिही की."

"म्हंजे?"

"भाऊ लहान हुता, म्हणून तिनं राखलं. असं लिही. कुणाला राग येनार न्हाय."

तू लिहिलंस. मार्गदर्शक खूश झाले. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. तिथून पुढं तू तेच लिहीत आलास, आणि हळूहळू तुझा त्यावर खरोखर विश्वास बसला.

तेव्हा तू बरोबर होतास, महादेव. पुरावा नसतानाही बरोबर होतास, आणि चुकीचं लिहायला तुला मी शिकवलं.

तो शब्द मला तरी कुठनं सुचला? गाव माझ्याबद्दल तेच म्हणत होतं. "आण्णाप्पाची पोरगी भावाचं राखतीया." राखणाऱ्या बाईला कुणी बोट लावत नाही. ट्रॅक्टरवाल्याशी भांडलं, पाळीच्या पाण्यासाठी कालव्यावर चार बाप्यांसमोर उभं राहिलं, रताळ्याचा भाव पाडणाऱ्या दलालाला भर बाजारातून शिव्या देऊन परत पाठवलं, तरी लोक म्हणायचे, करणार काय बिचारी, भावासाठी करते. फार सोयीचा शब्द होता तो. मी पंधरा वर्षं त्याच्या सावलीत उभी होते. तुलाही त्यात उभं केलं. आता तो शब्द वकिलाच्या शिक्क्यासह माझ्याकडं परत आला आहे, आणि तक्रार कुणाकडं करायची कळत नाही.

नोटिशीला उत्तर वकील देईल.

मालू


बेळगुंदी
३ मार्च २०२४

महादेव,

दगड गेला. पुराणवस्तू खात्याची माणसं येऊन घेऊन गेली. तू पत्र लिहून त्यांना कळवलंस, हे त्या साहेबानंच सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. इथं राहिला असता तर तू जमीन देणार आहेस तो प्लॉटवाला घरांच्या पायाभरणीत घालून मोकळा झाला असता.

साहेब तरुण होता, सभ्य होता. मी विचारलं, पाटीवर काय लिहिणार? त्यानं कागद दाखवला. 'राजा केतरस याच्या काळातील दानलेख. बारावे शतक.' याच्या. मी म्हटलं, याच्या नाही, हिच्या. नववी ओळ वाचून दाखवली. त्यानं दगडावरून बोट फिरवलं, अक्षर त्याला लागलं. लागलं ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण म्हणाला, "मॅडम, छापील पाठ जो आहे तोच आम्हाला लिहावा लागतो. सरांच्या पुस्तकात इथं टिंबं आहेत." मग दोरखंड बांधून दगड टेम्पोत चढवला. मष्णू म्हणाला, "बाई, आता धुणं कुठं धुणार?"

आज तुला दुसरंच सांगायचं आहे. साठ वर्षांची होते आहे, मे अखेरीस रिटायर होईन. आत्ता नाही लिहिलं तर राहून जाईल.

परशराम तुला आठवत असेल. पलीकडच्या गावचा, खानापूरच्या शाळेत मास्तर होता. १९८९ साली त्यानं मला मागणी घातली. आई तेव्हा होती. मी नको म्हटलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की भावाच्या शिक्षणासाठी पोरीनं लग्न मोडलं. आईनं सगळ्या भावकीत सांगितलं. तू मोठा झाल्यावर तुला सांगितलं. तू त्याचं ओझं घेतलंस. पहिल्या पगारातनं मला साडी आणलीस तेव्हा पाया पडून रडलास. लग्न ठरलं तेव्हा रचनाला आधी माझ्यापुढं उभं केलंस. त्या अर्पणपत्रिकेत 'संसाराचा होम' आहे तो हाच.

असला होम मी कधी केला नाही, महादेव.

परशराम चांगला माणूस होता. म्हणाला होता, महादेवला आपण दोघं मिळून शिकवू. शिकवलंही असतं. अडचण तुझी नव्हती. तो म्हणाला, "शेत फाळ्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकू, तू कशाला उन्हात मरतीस?" आणि मी त्या क्षणी आतून नाही म्हटलं. सकाळी उठून शेताच्या कडेला उभं राहायचं, आज कुठल्या वाफ्याला पाणी, उद्या कुठं कोळपणी, बासमती लावायची का दुसरं भात, कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला नाही, हे सगळं मी ठरवायची आणि तसं व्हायचं. पंचवीस वर्षांची होते. माझ्या वयाच्या पोरी सासूला विचारून माहेरी येत होत्या. बायका माझ्यामागं म्हणायच्या, "ती बाई न्हाय, बाप्या हाय." मी ते ऐकून घरी येऊन आरशात बघायची, आणि मला बरं वाटायचं.

मला ते आवडत होतं. तुझ्यासाठी म्हणून मी काहीही सोडलं नाही. तू शिकत होतास हे माझ्या फार उपयोगी पडलं, कारण तू शिकत होतास तोवर मला कुणी विचारणार नव्हतं, 'मालू, तू अजून इथं का?' तू नोकरीला लागलास तेव्हा सगळे म्हणाले, मालू, सुटलीस. मला त्या दिवशी भीती वाटली होती.

म्हणून तुझा राग येतो. तू माझा त्याग छापलास, तो मी केलेला नाही. जे केलं, आणि बरं केलं, त्या जागी टिंबं घातलीस. त्या बाईच्याही जागी घातलीस. तिला गादीची हौस होती, असं लिहायला तुमची लेखणी का अडते? एकानं तिला मिशी लावली, दुसऱ्यानं तिला देव्हाऱ्यात बसवलं. राज्य केलं आणि मजेनं केलं, एवढं म्हणायची तुमच्यात कुणाची छाती झाली नाही. माझीही झाली नव्हती, ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

ह्याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मालू


बेळगुंदी
१४ एप्रिल २०२४

महादेव,

तुझं पत्र मिळालं. पाच महिन्यांत पहिलं. टाइप केलेलं, खाली सही.

परशरामबद्दल एक शब्द नाही. लिहितोस की दुसऱ्या आवृत्तीत तळटीप द्यायला तू तयार आहेस: 'एका स्थानिक शिक्षिकेच्या मते येथे अक्क असा पाठ संभवतो.' त्या बदल्यात मी हक्कसोड करावी, म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही आणि 'आपल्या नात्यातला गोडवा टिकेल'.

दोन वेळा वाचलं. तू दोन्ही एकात कालवलंसच.

स्थानिक शिक्षिका! माझं नावसुद्धा तुला तळटिपीत झेपत नाही.

तळटीप नको. सही देणार नाही. अर्ध्या वाटणीला मी तयार आहे, तसं वकिलाला सांगितलं आहे. तू अर्धं वीक, प्लॉट पाड, काय करायचं ते कर. तुझ्या वकिलानं कळवलं आहे की सही नसेल तर अर्धी वाटणी, आणि कोणतं अर्धं घ्यायचं ते मी आधी निवडावं. मी विहिरीकडचं घेते. दगड होता ती जागा तुझ्याकडं जाईल. तिथं आता नुसता खड्डा आहे.

मालू


बेळगुंदी
२१ मे २०२४

महादेव,

काल मोजणी झाली. तू हजर होतास, त्यामुळं कळवायचं काही नाही. तरी लिहिते, कारण काल आपण एकमेकांशी बोललो नाही आणि तू जेवायला थांबला नाहीस. रचना गाडीतून उतरली, माझे हात धरून उभी राहिली. तिनं पत्रं वाचली आहेत. बरं झालं.

सर्व्हेअर यंत्र लावून तयार होता. बांधावर भावकी जमली होती, मष्णू खुंट्या घेऊन उभा होता, तुझा प्लॉटवाला फोनवर बोलत होता. अर्ज तुझा, फी तू भरलेली, कागदावर अर्जदार म्हणून तुझं नाव. सर्व्हेअरनं तुलाच विचारलं, "सर, सुरू करू काय?"

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस.

तुला ते कळलंही नसेल. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पुण्यातला प्राध्यापक, डोक्यावर टोपी, आणि तू लहानपणी नांगराच्या पहिल्या दिवशी माझ्या होकारासाठी बघायचास तसा बघत उभा राहिलास. सर्व्हेअरही मग माझ्याकडं बघायला लागला. मष्णू तर आधीपासूनच बघत होता. भावकीतलं कुणी हसलं नाही. उन्हात सगळे तसेच उभे. मी पदरानं कपाळ पुसलं आणि म्हटलं, "करा."

मग काम सुरू झालं.

खुंट्या ठोकून झाल्या आहेत. उत्तरेकडचं तुझं, दक्षिणेकडचं विहिरीसकट माझं. तुझी वाट ओढ्याकडून काढून दिली आहे, माझ्या वाफ्यांतून गाडी घालायची नाही. तुझ्या बांधकामाला पाणी लागेल. विहीर भरलेली आहे, देईन. पण मोटार लावण्याआधी तुझ्या माणसाला माझ्याकडं पाठव. मी हो म्हटल्यावर लावायची.

मालुबाई आण्णाप्पा